चिलीम-कुऱ्हाडीचा लोहार कोण? एका शोधाची पार्श्वभूमी

पाईप टोमॅहॉक म्हणजे एकाच दांड्यावर कुऱ्हाड आणि चिलीम. एका बाजूला धारेचं पातं, उलट बाजूला तंबाखू भरायची वाटी आणि मधून पोकळ केलेला दांडा. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत हे हत्यार रुळलं. गोरे व्यापारी ते विकायचे, सरकारी अधिकारी तह-करारांच्या वेळी मूळ रहिवाशांच्या पुढाऱ्यांना भेट द्यायचे. आज संग्राहक त्यासाठी मोठी किंमत मोजतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, हे घडवलं कुणी?

या प्रश्नाचं उत्तर किती निसरडं असतं, ते आल्बनीच्या न्यूयॉर्क राज्य संग्रहालयातल्या एका टोमॅहॉकवरून कळतं. सेनेका या मूळ रहिवासी लोकांचे पुढारी कॉर्नप्लांटर यांना ते १७९२ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडून मिळालं, असं मानलं जातं. पात्याच्या एका बाजूला कॉर्नप्लांटर यांचं सेनेका नाव कोरलंय, ग्यांतवाका. दुसऱ्या बाजूला ‘जॉन अँड्रस’. हा अँड्रस बहुधा कारागीर असावा, एवढंच संग्रहालयही म्हणतं. पुढे ही वस्तू एली पार्कर यांच्याकडे आली. ते स्वतः सेनेका. १८६५ साली अमेरिकी यादवी युद्धाच्या शेवटी दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या शरणागतीच्या अटींची प्रत याच पार्कर यांच्या हातची. त्यांना मिळाली तेव्हा मूळ दांडा नव्हता, म्हणून त्यांनी मेपलच्या लहरेदार लाकडाचा, चांदी जडवलेला नवा दांडा बसवून घेतला आणि आपल्या नावाची पितळी पट्टीही लावली. म्हणजे एकाच वस्तूवर तीन नावं, आणि घडवणारा म्हणून खात्रीने एकाकडेही बोट दाखवता येत नाही. १९४७ ते १९५० च्या दरम्यान ती संग्रहालयातून चोरीला गेली. २०१८ साली एका निनावी संग्राहकाने ती परत केली.

बहुतेक टोमॅहॉकवर तर नाव नसतंच. काही माल इंग्लंडमधून जहाजाने यायचा, काही पेनसिल्व्हेनियासारख्या सरहद्दीच्या मुलखातले लोहार आणि बंदूक बनवणारे कारागीर घडवायचे. तहातही कारागिरांची सोय असे. अमेरिकी सरकारने सेनेका आणि त्यांच्या मित्र-जमातींशी केलेल्या १७९४ च्या कॅनंडेग्वा तहात वर्षाला ४,५०० डॉलर मंजूर झाले, त्यात गुरं आणि शेतीच्या अवजारांबरोबर उपयोगी कारागिरांचा मोबदलाही धरला होता. अशा लोहाराने आपल्या कामावर ठसा का मारावा? त्याचं गिऱ्हाईक त्याला तोंडओळखीने ओळखत होतं.

वस्तू सापडली त्या गावावरूनही अंदाज फसतो. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतल्या जॉन शील्ड्स या लोहाराने १८०४-०५ च्या हिवाळ्यात मिसुरी नदीकाठच्या फोर्ट मँडन इथे मक्याच्या बदल्यात लढाईच्या कुऱ्हाडी घडवून दिल्या. त्या साध्या कुऱ्हाडी, चिलमीच्या नव्हेत. पण १८०६ साली मोहीम परतीच्या वाटेवर असताना रॉकी पर्वतापलीकडे, नेझ पर्स लोकांच्या हाती त्यातलीच एक सार्जंट ऑर्डवे यांना दिसली. हातोहात देवघेव होत माल इतका लांब गेला होता, तोही वर्ष-दीड वर्षात.

म्हणून माझा भर लोखंड वाचण्यावर. नेढ्याच्या, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाच्या, आतून बघावं. पट्टी दुमडून, तापवून जोडलेली असेल तर सांध्याची रेघ बहुतेक वेळा सापडते. धारेशी वेगळं पोलाद घातलं असेल तर तिथे लोखंडाचा रंग बदलतो. वाटी बंदुकीच्या जुन्या नळीची आहे का, ती आट्यांवर बसवलीय की पितळेने डाकलीय, कानशीचे ओरखडे कुठे आहेत, हेही पाहावं. ओतीव प्रतीत घडाईचा सांधा नसतोच. दांड्यावर मात्र विसंबू नये. लाकूड तुटतं, बदललं जातं, आणि पार्कर यांच्यासारखा प्रेमाने बदलणाराही भेटतो.

विसाव्या शतकात जुन्या ठासणीच्या बंदुकांचा छंद अमेरिकेत पुन्हा रुजला. त्या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३३ सालची. या वर्तुळातले लोहार आज जुन्याच रीतीने चिलीम-कुऱ्हाडी घडवतात, आणि त्यातले अनेक जण आपला ठसा उमटवतात. पुढे एखादा विक्रेता तो घासून काढतो, लोखंडाला मुद्दाम गंज चढवतो आणि नवा माल जुना म्हणून खपवतो. पात्यावर एखादाच चौकोनी भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आणि किंचित खोलगट दिसला, तर आधी तिथे भिंग धरावं.