खाज म्हणजे सौम्य वेदना नव्हे

पावसाळा सरून थंडी पडू लागली की सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडच्या रानात, झाडाझुडपांवर चढलेल्या खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांच्यावरची तपकिरी कुसे वाऱ्याने नुसती अंगावर आली तरी माणूस हैराण होतो. जाणती माणसे अशा वेळी खाजवू देत नाहीत, त्या जागी शेण लावायला सांगतात. संस्कृतात हिलाच कपिकच्छू म्हणतात. खाजेचा मार्ग मज्जारज्जूत आणि मेंदूत शोधताना शास्त्रज्ञांना हीच रानवेल उपयोगी पडली.

‘जिच्यामुळे खाजवण्याची इच्छा होते ती अप्रिय संवेदना’ ही खाजेची व्याख्या जर्मन वैद्य हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केली आणि ती आजही वापरात आहे. खाज ही स्वतंत्र संवेदना आहे की वेदनेचेच सौम्य रूप आहे, याचा निवाडा मात्र ती करत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय यांनी १९२२ मध्ये यांतले दुसरे मत, म्हणजे खाज ही सौम्य वेदनाच, मांडले आणि ते दीर्घकाळ टिकले. त्याला आधारही होता, कारण असह्य वेदनेवर उपाय म्हणून मज्जारज्जूतील वेदनेचा मार्ग शस्त्रक्रियेने छेदला, तर तिच्याबरोबर खाजही जाते. तरीही मॉर्फिनने वेदना शमते आणि उलट अंगाला खाज सुटते, ही साधी गोष्ट त्या मतात बसत नव्हती. तिच्याकडे इतकी वर्षे काणाडोळा झाला, याचे नवल वाटते.

खाजवण्याच्या क्रियेचा अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी दाखवले की, मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडलेल्या कुत्र्याच्या कुशीला गुदगुल्या केल्या तरी त्याचा मागचा पाय तालात खाजवू लागतो. म्हणजे खाजवण्याचा ताल मज्जारज्जूच धरते. खाज जाणवण्यासाठी मात्र मेंदू लागतो.

१९९७ मध्ये जर्मन संशोधकांना माणसाच्या त्वचेत असे बारीक चेतातंतू सापडले, जे खाज आणणाऱ्या हिस्टामिन या शरीरातील रसायनाला प्रतिसाद देतात आणि संदेश सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर वेगाने नेतात. परंतु हिस्टामिन हे खाजेचे एकमेव कारण नव्हे, हे खाजकुयलीने सिद्ध केले. तिच्या कुसांत प्रथिने तोडणारे म्युक्युनेन नावाचे विकर असते. ते त्वचेतील वेगळ्याच ग्राहकांना (पेशींवरील, ठरावीक रसायनांना प्रतिसाद देणाऱ्या रेणूंना) चेतवते, आणि २००७ मधील माकडांवरील प्रयोगांत आढळले की त्याचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूतील थॅलॅमसकडे नेणाऱ्या चेतापेशीही हिस्टामिनच्या चेतापेशींहून निराळ्या असतात. खाजेच्या प्रत्येक प्रकाराला हिस्टामिनविरोधी गोळी का लागू पडत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुइस येथे झौ-फेंग चेन आणि त्यांचे सहकारी यांना उंदरांच्या मज्जारज्जूत ‘जीआरपी’ या लहान प्रथिनाचा ग्राहक खाजेसाठी आवश्यक असल्याचे आढळले. २००९ मध्ये त्यांनी तो ग्राहक असलेल्या चेतापेशीच नष्ट केल्या, तेव्हा उंदरांचे खाजवणे जवळजवळ थांबले, पण वेदनेची जाणीव शाबूत राहिली. फॉन फ्राय यांच्या मताला बसलेला सर्वांत मोठा धक्का हाच, असे मला वाटते.

खाजवल्याने बरे का वाटते, याचे उत्तरही २००९ मध्येच अंशतः मिळाले. माकडाची त्वचा खाजवली असता, हिस्टामिनने चेतलेल्या मज्जारज्जूतील पेशी शांत होत. त्याच पेशी वेदनेने चेतल्या असतील तर मात्र शांत होत नसत. हा आराम टिकत का नाही, हे २०१४ मधील उंदरांवरील प्रयोगांतून दिसू लागले. खाजवताना होणारी किंचित वेदना शमवण्यासाठी मेंदूचा बुंधा मज्जारज्जूकडे सेरोटोनिन पाठवतो, आणि तेच रसायन तेथील जीआरपी-ग्राहक असलेल्या पेशींना अधिक चेतवते, म्हणून खाज पुन्हा उसळते. ज्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन तयार होत नव्हते, ते कमी खाजवत होते.