बेलिंगहॅम १९०७: एका रात्रीत हाकललेले पंजाबी कामगार आणि शंभर वर्षांनी आलेली माफी

४ सप्टेंबर १९०७ ही तारीख आपल्याकडे जवळपास कुणालाच माहीत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अमेरिकेत भारतीय माणसांवर जमावाने केलेल्या सुरुवातीच्या मोठ्या हल्ल्यांपैकी हा एक आहे. जागा बेलिंगहॅम, वॉशिंग्टन राज्यातलं, कॅनडाच्या बॉर्डरला जवळजवळ चिकटलेलं समुद्रकाठचं शहर. आता तिथे या घटनेची आठवण म्हणून दगडी कमान उभी आहे, पण ती उभी राहायला शंभराहून जास्त वर्षं का लागली हे कळायला जरा मागे जावं लागतं.

त्या काळी बेलिंगहॅमची सगळी कमाई जंगलावर. लाकूड कापायच्या मोठमोठ्या सॉ मिल, ओंडके ओढायचं, फळ्या रचायचं जडकाम, आणि माणसं कायम कमी. चिनी मजुरांना अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने बंदी घातलेली, आणि जे आधीच आले होते त्यांनाही या भागातून १८८५ मध्ये धमक्या देऊन घालवून दिलेलं. मग १९०५-०६ च्या सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरकडून खाली पंजाबी माणसं यायला लागली. बहुतेक सगळे शीख, शेतकरी घरातले, काहीजण ब्रिटिश फौजेत नोकरी केलेले, गावाकडे जमीन तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलेली, वर सावकाराचं कर्ज, म्हणून दोन-चार वर्षं राबायचं आणि पैसे घरी पाठवायचे असा साधा हिशोब. पेपरवाले आणि गावातले लोक मात्र त्यांना सरसकट 'हिंदू'च म्हणायचे.

गोऱ्या कामगारांचं म्हणणं होतं की ही माणसं कमी पगारात काम करतात आणि आमची मजुरी पाडतात. मला वाटतं तक्रारीचा पहिला भाग समजू शकतो, पगार ठरवणारे मिलमालकच होते आणि स्वस्त मजूर त्यांना हवेच होते, पण राग मालकाच्या ऑफिसवर गेला नाही, तो गेला बंकहाऊसमध्ये, म्हणजे मजुरांच्या सामायिक खोल्यांत, दाटीवाटीने झोपलेल्या माणसांवर. आशियाई लोकांना देशात येऊच देऊ नका म्हणणारी एक्सक्लूजन लीग तेव्हा पूर्ण पश्चिम किनाऱ्यावर हातपाय पसरत होती, तिची शाखा बेलिंगहॅममध्येही होती. २ सप्टेंबरला लेबर डेच्या दिवशी युनियनवाल्यांचा मोठा मोर्चा निघाला आणि मिलमालकांना सांगण्यात आलं की यांना कामावरून काढा. मालकांनी ऐकलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी रस्त्यात मारहाण आणि दगडफेक सुरू झाली आणि बघता बघता चार-पाचशे जणांचा जमाव झाला. भारतीय राहायचे त्या खोल्यांची दारं-खिडक्या फोडल्या, माणसांना झोपेतून ओढून बाहेर काढलं, मारलं, साठवलेले पैसे लुटले, मिलमध्ये घुसून रात्रपाळीवाल्यांनाही बाहेर काढलं. पोलिसांनी जमावाला अडवलं नाही, उलट पकडून आणलेल्या लोकांना सिटी हॉलच्या तळघरात ठेवायला जागा दिली. जवळपास दोनशे माणसं त्या रात्री तिथे कोंबलेली होती. ती लाल विटांची इमारत अजून आहे, आता तिथे व्हॉटकम म्युझियम आहे.

दुसऱ्या दिवशी मेयरने संरक्षणाचं आश्वासन दिलं, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? काही दिवसांतच सगळेच्या सगळे बेलिंगहॅम सोडून गेले, कोणी ट्रेनने, कोणी बोटीने, कोणी व्हँकुव्हरकडे तर कोणी दक्षिणेला. चार-पाच जणांना अटक झाली खरी, पण साक्ष द्यायला कोणी पुढे आलं नाही आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. आणि मला सगळ्यात जास्त त्रास ज्या गोष्टीचा होतो ती म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पेपर. मारहाण चुकीची असं एका ओळीत म्हणायचं आणि पुढच्या ओळीत, पण ही माणसं गेली ते बरंच झालं, ती कधी चांगले नागरिक होणार नाहीत, असा सूर. म्हणजे चार-पाचशे लोकांनी केलं ते मागे राहिलेल्या शहराने मनातून मान्य करून टाकलं.

कुणाचा जीव गेला नाही, म्हणून ही घटना लवकर विसरली गेली. पण लोण थांबलं नाही. तीनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्तीवर हल्ला झाला, नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्याच एव्हरेटमधून भारतीयांना हाकललं, मार्च १९१० मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्समध्ये पुन्हा तेच. मग जमावाचं काम कायद्याने हातात घेतलं: १९१७ च्या कायद्याने भारतातून येणं जवळजवळ बंद, १९२३ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या शीख माणसाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असं सांगितलं, आणि दार थोडंसं उघडलं ते थेट १९४६ मध्ये, तेही वर्षाला फक्त शंभर माणसांसाठी.

इथे आपला एक धागा आहे. अशाच सॉ मिलमधल्या मजुरांनी १९१३ मध्ये ओरेगनमध्ये ब्रिटिश राज उलथवायला निघालेली गदर पार्टी उभी केली, पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः मिलमध्ये राबलेले. परक्या देशात आपल्याला कोणीही मारतं आणि ब्रिटिश सरकार बोटही हलवत नाही, हे त्यांनी अनुभवलेलं होतं. त्यांच्यासोबत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या जेलमध्ये करतारसिंग सराभांसोबत फाशी दिली. आपण गदरचा इतिहास सांगतो तेव्हा क्रांती, बॉम्ब, फाशी एवढंच सांगतो, फळ्या रचणारी आणि दगड खाणारी ही माणसं राहूनच जातात. ती सांगायला हवीत.

बेलिंगहॅममध्ये शीख कुटुंबं पुन्हा स्थिरावायला अनेक दशकं गेली. आज त्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, रास्पबेरीची शेती करणाऱ्यांत पंजाबी लोक बरेच आहेत, गुरुद्वारा आहे. २००७ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा अभ्यासकांनी आणि स्थानिक लोकांनी जुनी कागदपत्रं, पेपर बाहेर काढले, शहर आणि काउंटीने अधिकृतपणे तो दिवस पाळला, आणि 'बेलिंगहॅम हेराल्ड' या पेपरने १९०७ मध्ये आपण जे छापलं त्याबद्दल संपादकीय लिहून माफी मागितली. सरकारची माफी आपण ऐकतो, पण एखाद्या पेपरने शंभर वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच शब्दांबद्दल असं स्पष्ट बोलणं मला फार मोठं वाटतं.

कमान आली एप्रिल २०१८ मध्ये. लाल ग्रॅनाइटची, सिटी हॉल आणि लायब्ररीजवळ, आणि ती उभी करायला पुढाकार घेतला सतपाल सिद्धू यांनी, जे तेव्हा काउंटी कौन्सिलवर होते. फक्त शिखांचं स्मारक करता आलं असतं, कोणी नावं ठेवली नसती. पण ती तिघांच्या नावाने आहे: १८८५ चे चिनी, १९०७ चे भारतीय, आणि १९४२ मध्ये युद्धाच्या नावाखाली घरादारातून उचलून छावण्यांत पाठवलेले जपानी. एकाच गावाने साठ वर्षांच्या आत तीनदा हेच केलं, हे तीन वेगळ्या दगडांवर लिहिलं असतं तर इतकं स्पष्ट दिसलं नसतं.