डेस्कटॉपची मोठी आवृत्ती कशी ठरते : केडीईच्या नियोजनाची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्याच्या ज्या शाळांतील संगणक-कक्षात विंडोज ११ च्या अटींत न बसणारी जुनी यंत्रे आहेत, तिथल्या शिक्षकांपुढे ती मोडीत काढायची की त्यांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालायची हा प्रश्न उभा राहिला. गोव्याला हा विचार नवा नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’मधील स्वयंसेवकांनी परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांपर्यंत आणले आणि त्यांच्यासाठी लिनक्सचा आधार घेतला. या वेळी मात्र निर्णय घेऊ पाहणाऱ्यांच्या हाती आणखी एक बातमी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिनक्ससाठी डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या आणि मेनू यांची व्यवस्था, बनवणाऱ्या केडीई प्रकल्पाने जाहीर केले की त्यांचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप ६.८ या आवृत्तीपासून केवळ वेलँड या, खिडक्या पडद्यावर दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर चालेल आणि तिच्याआधीच्या एक्स११ या पद्धतीचे सत्र २०२७ च्या सुरुवातीपर्यंतच सांभाळले जाईल. हा निर्णय अचानक घेतलेला नाही. तो समजण्यासाठी अशा प्रकल्पांत मोठी आवृत्ती कोण आणि कशाच्या बळावर ठरवते, हे मुळापासून पाहावे लागते.

केडीईचा आरंभ १४ ऑक्टोबर १९९६ रोजी झाला. ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एट्रिच यांनी युनिक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असा, सर्व भागांत एकसारखा दिसणारा डेस्कटॉप उभारण्याचे जाहीर आवाहन केले. त्यासाठी त्यांनी नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचे क्यूट हे टूलकिट निवडले. खिडक्या, बटणे आणि याद्या ज्या पायावर उभ्या राहतात, तो पायाच दुसऱ्याच्या मालकीचा होता आणि त्याचा परवाना त्या काळी पुरेसा मुक्त नव्हता. याच आक्षेपातून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसऱ्या डेस्कटॉपचा प्रकल्प जाहीर केला. क्यूटला जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना सप्टेंबर २००० मध्ये लाभला आणि परवान्याचा वाद शमला. क्यूटची नवी पिढी आली की केडीईलाही नवी पिढी काढणे भाग पडते, ही गोष्ट मात्र तेव्हापासून आजतागायत तशीच राहिली आहे. केडीई २, ३, ४, प्लाझ्मा ५ आणि प्लाझ्मा ६ या सगळ्यांचे आकडे क्यूटच्याच आकड्यांवर बेतलेले आहेत. म्हणून मोठी आवृत्ती ही हौसेने केलेली नवलाई असते, हा समज मला चुकीचा वाटतो.

पाया बदलल्याने वापरणाऱ्याचे भले कसे होते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. मार्च २००२ मध्ये ग्नोमचे टूलकिट जीटीके २.० आले. त्यात मजकूर सर्वत्र युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतांत, ठेवण्याची आणि तो मांडण्याचे काम पँगो या लायब्ररीकडे (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार संचाकडे) सोपवण्याची व्यवस्था होती. त्याच वर्षी जूनमध्ये ग्नोम २.० प्रसिद्ध झाले आणि जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी योग्य जागी दाखवण्याचा मार्ग संपूर्ण डेस्कटॉपसाठी खुला झाला. पुढे रेड हॅटने लोहित देवनागरी हा टंक मुक्त केला आणि मराठी-कोकणी मजकूर लिनक्सवर नीट वाचता येऊ लागला. हे काम एखाद्या प्रोग्रॅमला ठिगळ लावून झाले नसते, त्यासाठी मोठ्या आवृत्तीचीच गरज होती.

नियोजन कुठे फसते, ते केडीई ४ ने दाखवून दिले. क्यूट ४ जून २००५ मध्ये आले आणि जुलै २००६ मध्ये नॉर्वेतील ट्रिसिल येथे मुख्य प्रोग्रॅमर एकत्र बसून पायाभूत लायब्ररींच्या कामाला लागले. महत्त्वाकांक्षा मोठी होती : प्लाझ्मा हा नवा डेस्कटॉप, यंत्रसामग्रीसाठी सॉलिड, ध्वनी-चित्रफितींसाठी फोनॉन, रूपासाठी ऑक्सिजन, सारे एकाच वेळी नव्याने लिहायचे ठरले. ऑक्टोबर २००७ ची तारीख आधी डिसेंबरवर गेली आणि अखेर ११ जानेवारी २००८ रोजी ४.० प्रसिद्ध झाले. ही आवृत्ती पुढील कामाचा पाया आहे, रोजच्या वापरातल्या ३.५ ची जागा ती लगेच घेणार नाही, असे विकासक सांगत होते. परंतु ‘४.०’ या आकड्याचा लोकांनी जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. मे २००८ मधील फेडोरा ९ या लिनक्सच्या तयार संचाने (वितरणाने) केडीईची हीच आवृत्ती दिली आणि अनेकांना सवयीच्या सोयी सापडेनाशा झाल्या. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी केडीई सोडून ग्नोम स्वीकारले. ३.५ वर प्रेम असणाऱ्यांनी ट्रिनिटी नावाने ती वेगळी चालू ठेवली. सर्वसामान्यांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल अशी स्थिती यायला जानेवारी २००९ मधील ४.२ उजाडावे लागले. माझ्या मते मूळ चूक तांत्रिक नव्हती. पायाची फेररचना आणि डोळ्यांना दिसणारी फेररचना या दोन्ही एकाच तारखेला बांधल्या गेल्या, त्यामुळे एकीच्या उशिराचा भुर्दंड दुसरीला बसला.

ग्नोमनेही हाच अनुभव घेतला. जुलै २००८ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ३.० चा विचार जाहीर झाला, तारीख दोनदा पुढे गेली आणि ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३.० त्याच्या ग्नोम शेल या नव्या चेहऱ्यासह आले. त्या आधीच्याच आठवड्यात ग्नोम एशियाची परिषद बंगळुरूत भरली होती. नव्या रचनेशी न जुळलेल्यांनी माटे आणि सिनॅमन हे पर्याय उभे केले, तर जुन्या पायावरच्या २.३२ ची देखभाल थांबली. टोरवाल्ड्स या खेपेस एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपकडे वळले.

केडीईने पुढची दहा-बारा वर्षे या अनुभवातून धडा घेण्यात घालवली आणि तो धडा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. जून २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील रांडा या गावी झालेल्या ‘प्लॅटफॉर्म ११’ बैठकीत एकसंध लायब्ररी फोडून तिचे स्वतंत्र, एकमेकांवर कमीत कमी अवलंबून असलेले भाग करण्याचे ठरले. त्यातून जुलै २०१४ मध्ये फ्रेमवर्क्स ५ हा लायब्ररींचा संच आणि त्यापाठोपाठ प्लाझ्मा ५ आले. लायब्ररी, डेस्कटॉप आणि प्रोग्रॅम यांची वेळापत्रके वेगळी झाली. क्यूट ६ डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा तयारी बरीच झाली होती. नव्या पायावर न चालणारे भाग जुन्या आवृत्तीतच ‘कालबाह्य’ अशी खूण करून ठेवले जात होते, जेणेकरून प्रत्येक प्रोग्रॅम थोडाथोडा करून सरकवता यावा. मधल्या काळात क्यूट कंपनीने ५.१५ ची दीर्घ मुदतीची दुरुस्ती केवळ व्यावसायिक ग्राहकांपुरती ठेवली. तेव्हा केडीईने आवश्यक दुरुस्त्यांचा स्वतःचा संच राखून वापरणाऱ्यांना उघड्यावर पडू दिले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लाझ्मा ५.२७ ही दीर्घकाळ सांभाळायची आवृत्ती आली आणि त्यानंतर मुख्य काम क्यूट ६ वर हलवले गेले. मे महिन्यात जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लिनक्स संगणक विकणाऱ्या टक्सेडो कंपनीच्या कार्यालयात विकासक भेटले आणि सुरुवातीच्या सेटिंग्ज ठरल्या. वेलँड हे सुरुवातीचे सत्र असावे, तरंगती पट्टी असावी आणि फाइल एका क्लिकऐवजी दोन क्लिकांनी उघडावी, असे त्यांत होते. शेवटचा निर्णय ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोनदा क्लिक करण्याची सवय लागलेले मूल केडीईसमोर बसले की एकच फाइल दोन खिडक्यांत उघडत असे, हे ज्यांनी वर्गात पाहिले आहे त्यांना त्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये अल्फा ही पहिली चाचणी-आवृत्ती, मग दोन बीटा आणि दोन उमेदवार आवृत्त्या असा क्रम ठरलेल्या तारखांना पाळला गेला. फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी केडीईची भारतीय परिषद पुण्यात सीओईपी विद्यापीठात भरली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला प्लाझ्मा ६, फ्रेमवर्क्स ६ आणि केडीईच्या प्रोग्रॅमांचा संच गिअर २४.०२ एकत्र प्रसिद्ध झाले. डेस्कटॉप दिसायला बराचसा आधीसारखाच होता, आणि नियोजनाचे ते यश होते.

आता वेलँडकडे. एक्स११ ची रचना १९८७ ची आहे. त्या रचनेत एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबलेल्या कळफलकाच्या कळा टिपू शकतो, आणि आजच्या पडद्यांच्या गरजा तिच्यावर थर चढवत भागवाव्या लागतात. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये खिडक्यांचा व्यवस्थापक हाच कळफलक, पडदा आणि प्रोग्रॅम यांमधला मध्यस्थ असतो. म्हणूनच देवनागरी टंकलेखनाचा प्रश्न इथे येतो. इनस्क्रिप्ट किंवा कागापा यांसारखे कळफलक थेट यंत्रणेच्या मांडणीत असल्याने ते वेलँडवर तसेच चालतात. आयबस किंवा एफसिटिक्स या टंकलेखन-साधनांमधून उच्चारानुसारी पद्धतीने लिहिणाऱ्यांना मात्र प्लाझ्माच्या सेटिंग्जमध्ये ‘आभासी कळफलक’ या विभागात ती निवड करावी लागते. हे ठाऊक नसलेला शिक्षक ‘मराठी चालत नाही’ असे म्हणून मोकळा होतो.

ठरलेली आवृत्ती आपल्या कक्षात कधी पोहोचते, हे वितरणावर अवलंबून असते. प्लाझ्मा ६ प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी आलेल्या कुबुंटू २४.०४ या वितरणात ५.२७ च होते. डेबियन या दुसऱ्या वितरणाच्या स्थिर आवृत्तीत प्लाझ्मा ६ ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ सोबत, ६.३ च्या रूपाने आले. त्या आवृत्तीत एक्स११ सत्र उपलब्ध आहे आणि डेबियनच्या रिवाजाप्रमाणे तिला तीन वर्षांचा पूर्ण पाठिंबा मिळतो. याचा अर्थ, आज डेबियन १३ घातलेल्या शाळेत ६.८ मधील बदल स्थिर आवृत्तीच्या पुढच्या पिढीपर्यंत येणार नाही. त्या अवधीत तिथल्याच एखाद्या यंत्रावर वेलँड सत्र निवडून कोकणी-मराठीचे टंकलेखन, प्रोजेक्टरची जोडणी आणि छपाई तपासून पाहता येते, आणि जे अडेल ते केडीईच्या दोष-नोंदणीत लिहिता येते. आउग्सबुर्गसारख्या बैठकांत बसणाऱ्यांपुढे तीच नोंद जाते.