बदली चालक आणि सहविजेता

30 मे 1911 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झालेली पहिली पाचशे मैलांची मोटार शर्यत रे हॅरून याने जिंकली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच्या पिवळ्या ‘मार्मन वास्प’ गाडीच्या स्टीअरिंगवर मधल्या तीसहून अधिक फेऱ्यांत सायरस पॅट्श्के होता, हे क्वचितच सांगितले जाते. याउलट विजेत्यांच्या यादीत 1924च्या शर्यतीसमोर एल. एल. कोरम आणि जो बॉयर अशी दोन नावे विजेते म्हणून नोंदलेली आहेत. दोन्ही वेळा एकच गाडी दोघांनी चालवली असताना एकदा विजेता एक आणि एकदा दोन कसे, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि त्यातून बदली चालक व सहविजेता यांची गल्लत होते.

या दोहोंतला फरक कोणी किती फेऱ्या मारल्या यावर ठरत नाही. ज्याने गाडी सुरुवातीच्या रेषेवरून नेली त्यानेच ती शेवटी आणली, तर मधला माणूस बदली चालक ठरतो आणि विजेतेपदात त्याला वाटा मिळत नाही. सुरुवात करणारा उतरला आणि परत बसलाच नाही, तर मात्र शर्यत संपवणारा आणि तो असे दोघे सहविजेते होतात.

बदली चालक ही त्या काळाची खरी गरज होती. विटांच्या धावपट्टीवर अडीच मैलांच्या 200 फेऱ्या पूर्ण करायला हॅरूनला 6 तास 42 मिनिटे लागली होती आणि एवढा वेळ जड गाडी ताब्यात ठेवताना हात सोलवटून निघत. 1912 मध्ये जो डॉसनची विजेती ‘नॅशनल’ गाडी डॉन हेर याने 108 ते 144 या फेऱ्यांत चालवली. 1923 मध्ये विजेत्या टॉमी मिल्टनच्या हातांना फोड आले, तेव्हा हाउडी विलकॉक्स याने 103 ते 151 या फेऱ्या, म्हणजे जवळजवळ पाव शर्यत, सांभाळली. विलकॉक्स स्वतः 1919चा विजेता होता. त्यामुळे पुढे तयार झालेल्या, विजेत्यांचे चेहरे कोरलेल्या बोर्ग-वॉर्नर करंडकावर त्याचा चेहरा आहे, पण 1923च्या विजयासाठी नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आल्टूना येथे शर्यतीत त्याचा मृत्यू झाला.

1924ची गोष्ट वेगळी आहे. बॉयरने स्वतःच्या ड्युसेनबर्ग गाडीतून पहिल्या फेरीत आघाडी घेतली होती, मात्र नंतर ती मागे पडली. कोरम 21व्या जागेवरून निघून त्याच संघाची दुसरी गाडी नेटाने चालवत होता. शर्यतीचा अर्धा टप्पा ओलांडल्यावर त्याला उतरवून बॉयरला बसवण्यात आले आणि ताशी सरासरी 98 मैलांहून अधिक वेगाने त्याने विजय आणला. कोरमने आघाडीवर एकही फेरी काढली नाही, तरी तो विजेता आहे. 1941 मध्ये हेच पुन्हा घडले: फ्लॉइड डेव्हिसला 72व्या फेरीनंतर उतरवून, स्वतःची गाडी बिघडलेल्या मॉरी रोझला त्याची गाडी देण्यात आली आणि रोझने शर्यत जिंकली.

नियम स्पष्ट असला, तरी मला तो पुरेसा न्याय्य वाटत नाही. कोरम किंवा डेव्हिस यांचे श्रेय काढून घ्यावे असे मी म्हणत नाही, कारण गाडी शाबूत ठेवणे हे मोठेच काम होते. पण गाडी तितक्याच काळजीने राखून मूळ चालकाच्या हाती परत देणाऱ्या पॅट्श्के आणि हेर यांचे चेहरे त्या करंडकावर नाहीत. 1925 मध्ये पीटर डीपाओलोला विसावा देणाऱ्या नॉर्मन बॅटनचाही नाही. ताशी सरासरी 100 मैलांहून अधिक वेगाने जिंकलेली ती पहिली इंडियानापोलिस शर्यत होती आणि तिच्या 106 ते 127 या फेऱ्या बॅटनच्या होत्या.