ॲप काढलं की डेस्कटॉप उडतो?

लिनक्सवर एव्होल्यूशन हा मेलचा प्रोग्राम नको म्हणून काढायला जावं, तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'ग्नोम' नावाचं पॅकेजही काढणार असं सांगतं. ग्नोम हे डेस्कटॉपचंही नाव. इथेच बहुतेक जण घाबरून 'नाही' दाबतात. 'मेल काढला की अख्खा ग्नोम जातो' हा समज त्यातूनच पसरला.

प्रत्यक्षात ते 'ग्नोम' म्हणजे मेटापॅकेज, जवळपास रिकामं खोकं. आत फक्त 'अमुक अमुक हवं' अशी यादी. यादीतलं एक काढलं की यादी खोटी ठरते, म्हणून खोकं जातं. डेस्कटॉप जागेवरच राहतो. उबुंटू या लिनक्स प्रकारातलं 'उबुंटू-डेस्कटॉप' हेही असंच खोकं. त्याच्या वर्णनात मात्र लिहिलंय की अपग्रेड नीट व्हावं म्हणून ते ठेवलेलं बरं.

खरा धोका नंतरचा. खोकं गेल्यावर काही पॅकेजं 'आता कुणाला नकोत' अशी दिसू शकतात, आणि न वाचता ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजं एकदम काढणारी आज्ञा) चालवलं तर तीही जातात. हवी ती आधी ॲप्ट-मार्क या आज्ञेने 'मॅन्युअल', म्हणजे स्वतः बसवलेली, अशी नोंदवून ठेवा.

मात्र 'एव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर'ला हात लावू नका. नाव सारखं असलं तरी ग्नोम शेलला, म्हणजे डेस्कटॉपच्या मुख्य भागाला, तो खरोखर लागतो. वरच्या पट्टीतलं कॅलेंडर त्यावरच चालतं.

२०२१ मध्ये पॉप ओएस या लिनक्स प्रकारावर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना डेस्कटॉप गेल्याचा गाजलेला किस्सा खरा आहे. पण तिथे कारण पॅकेजांमधला संघर्ष होतं, आणि ॲप्टने (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने) आधी संमतीचं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. म्हणून 'काढली जाणारी पॅकेजं' ही यादी वाचा. त्यात ग्नोम-शेल किंवा जीडीएम (लॉगिनचा पडदा दाखवणारं पॅकेज) दिसलं, तर थांबा.