चरस हा चीक नव्हे

चरस पकडल्याची बातमी आली की कुणीतरी हमखास सांगतो, 'गांजाच्या झाडाला चिरा पाडून काढतात तो.' ही गल्लत अफूशी झालेली आहे. अफूच्या बोंडाला चिरा देतात, कारण तिचा चीक आतल्या नलिकांत असतो. चरस म्हणजे गांजाची राळ, आणि ती साठते बाहेरच्या बाजूला, मुख्यतः मादी फुलोऱ्यावरच्या ट्रायकोम नावाच्या सूक्ष्म केसांत.

हे केस भिंगाखाली पाहावेत असेच असतात. खाली देठ, वर गोल डोकं. डोक्याच्या तळाशी पेशींची चकती. ती राळ स्रवते, तसं वरचं पातळ मेणचट आवरण, म्हणजे क्युटिकल, पेशींपासून सुटून फुगत जातं आणि राळ त्या पोकळीत जमते. पक्व डोक्याचा व्यास साधारण 50 ते 100 मायक्रॉन, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा. देठाशी त्याचा सांधा नाजूक असतो. वाळल्यावर धक्क्यानं डोकं सुटतं, आणि म्हणूनच राळ चाळून वेगळी करता येते.

मोरोक्कोच्या रिफ डोंगरांत वाळलेली झाडं ताणलेल्या कापडावर ठेवून काठ्यांनी बडवतात. डोकी गळून खालच्या भांड्यात पडतात. यासाठी थंडी हवी. उन्हाळ्यात पाघळणारा गूळ हिवाळ्यात फोडावा लागतो, तशीच ही राळ गारठ्यात ठिसूळ होते. गरमीत कापडाची छिद्रं लिंपून टाकते. हिमाचलातल्या मलाण्यात चाळणीच नाही. तिथं ओला फुलोरा तळहातांवर चोळतात, मग हातचा मळही त्यातच.

चाळणीला कळतो फक्त आकार. जास्त बडवलं की त्याच मापाचा पानांचा चुरा खाली येतो. या चुऱ्यात झाडाचे दुसऱ्याच प्रकारचे केस सापडतात: टोकाला बाकदार, बुडाशी फुगीर, आत कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. त्याला सिस्टोलिथ म्हणतात. न्यायवैद्यक तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. मळ म्हणून जे चाळून काढायचं, तेच तपासणाऱ्याला झाडाची ओळख पटवतं!

ताज्या राळेत नशा आणणारं टीएचसी फारसं नसतंच. असतं त्याचं आम्लरूप. उष्णतेनं त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की टीएचसी उरतं. चरस 'कॅन्सरवर रामबाण' असे संदेश फिरवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली ती अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी, शुद्ध केलेल्या, मोजून द्यायच्या कॅनाबिडिऑलला, म्हणजे गांजातल्याच नशा न आणणाऱ्या एका घटकाला. चरसाच्या गोळीला नव्हे.

आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याला मात्र चाळणीच्या कौशल्याशी देणंघेणं नाही. झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध, चरसच.