अंड्याचा शेकडा दर आला कुठून? डॉ. बी. व्ही. राव यांच्या कामाची पार्श्वभूमी

पोल्ट्रीवाल्यांच्या मोबाइलवर रोज अंड्याचा शेकडा दर येतो, मगच गाडी भरायचं ठरतं. ही पद्धत बसवण्यात सर्वांत मोठा वाटा डॉ. बांदा वासुदेव राव (१९३५-१९९६) यांचा. त्यांची ओळख ‘हॅचरीवाले’, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारे, अशी असली, तरी आमच्या मते त्यांचं मोठं काम पिल्लांपेक्षा दराचं आहे.

राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे त्यांच्या उद्योगाचं केंद्र झालं. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते आणि मध्येच खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. आजची संकरित लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, सहसा खुडूक बसत नाही. तिची तलंग (अजून अंडी न देणारी तरणी कोंबडी) १८-२० आठवड्यांत अंड्यावर येते आणि ७२ आठवड्यांपर्यंत ३०० च्या वर अंडी देते. मात्र तिचीच अंडी उबवून कळप वाढवता येत नाही, पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बॅचला पिल्लं हॅचरीतूनच आणावी लागतात. तिथे अंडी १८ दिवस सेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या यंत्रात, साधारण ३७.५ अंशांवर फिरवत ठेवतात, शेवटचे ३ दिवस पिल्लं बाहेर पडण्याच्या यंत्रात, म्हणजे हॅचरमध्ये.

पिल्लू चांगलं असलं तरी लस बिघडली की सगळं फुकट. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंबाने देतात. ही जिवंत लस असते. बर्फाच्या डब्याऐवजी साध्या पिशवीतून उन्हातून आणली, तर ती निकामी होते; थेंब पडतो, पण संरक्षण मिळत नाही. पुढे साथ आली की शेडमध्ये माना पिरगळलेली पाखरं दिसू लागतात. हे ओळखून राव यांनी पिल्लांच्या जोडीला लस, खाद्य आणि प्रशिक्षणही उभं केलं. उरुळी कांचनला त्यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे.

एवढं करूनही १९८० च्या सुमारास अंड्याचा दर उत्पादन खर्चाच्या खाली गेला आणि फार्म बंद पडू लागले. कारण साधं होतं. एका कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे ५ हजार पक्ष्यांना साडेपाच क्विंटल. दर पडला म्हणून खाद्य थांबवता येत नाही, ते कमी केलं तर अंडी घटतात. उन्हाळ्यात शीतगृहाशिवाय अंडी फार दिवस ठेवताही येत नाहीत. ट्रे साचत जातात, आणि व्यापारी सांगेल तो दर घेण्यावाचून इलाज उरत नाही. शेतकरी एकेकटा होता. दुसऱ्या गावात काय दर मिळाला, हे त्याला कळतही नसे.

राव गावोगावी शेतकऱ्यांच्या सभा घेत फिरले. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली. ‘माझं अंडं, माझा दर, माझं आयुष्य’ हे त्यांचं घोषवाक्य होतं. साठा, मागणी आणि हंगाम पाहून विभागवार दर शेतकऱ्यांच्या बाजूने जाहीर होऊ लागला. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरातही याच समितीची. खप वाढला नाही तर जाहीर केलेला दर टिकत नाही, हे गणित त्यामागे होतं.

१९९० मध्ये राव यांना पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये ते गेले, त्याच वर्षी जागतिक पोल्ट्री परिषद दिल्लीत भरली. आजही श्रावणात आणि नवरात्रात खप घसरला की काही व्यापारी जाहीर दरातून पैसे कापून मागतात. अशा वेळी निदान कापलं किती, हे शेतकऱ्याला मोजता येतं.